डिस्कची पूजा

दसऱ्याला आमच्या अकोल्याच्या स्टुडिओत कॅमेऱ्यांबरोबर स्टोरेजच्या डब्याचीही पूजा होते. लग्नांचे सगळे व्हिडिओ त्यातल्या चार डिस्कवर विभागलेले. एक मेली तर उरलेल्या तिघी तिची जागा भरून काढतात, दोन गेल्या की सगळंच गेलं. यंदा पूजा सासऱ्यांनी केली, आणि मन लावून केली. चालू डब्यातून एकेक डिस्क बाहेर काढली, पुसली, हळदकुंकू लावलं, परत बसवली. डब्याने पहिली गेली असं धरलं, मग दुसरीही, आणि लाल दिवा लावून गप्प बसला.

त्यात आमच्या लग्नाचा न कापलेला व्हिडिओ होता. गिऱ्हाइकांच्या कामात तो पूर्ण बघणं झालंच नव्हतं. सासूबाई नुकत्याच गेल्या, आणि त्यांचं चालतं-बोलतं असं घरात तेवढंच होतं. वेगळी प्रत काढा म्हणून मी सांगून थकले होते. "चार-चार डिस्क हायेत ना बाप्पा!" सासऱ्यांचं ठरलेलं उत्तर.

डबा बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतल्या माणसाने फोनवर निकाल दिला, "मॅडम, डेटा गेला समजा. सगळं इनिशिअलाइज करा." म्हणजे पाटी कोरी करा. नवराही म्हणाला, "करून टाक ना. कायले डोकं लावून राहिली?"

माझं टाळकं सरकलं. मी मोर्शीची. संत्र्याचं झाड वाळलं असं कोणी म्हटलं तर आमच्याकडे आधी नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का बघतात, कुऱ्हाडीचं नंतर. डिस्क काही जळल्या नव्हत्या, नुसत्या पुजल्या होत्या.

"मी नाही करत कोरी," मी म्हटलं. "ज्याले करायची त्यानं माह्यासमोर करावी."

सासरे स्टुलावर बसून होते, चहासुद्धा घेईनात.

"बाबा, पूजा आधी कोणाची केली?"

"डाव्या हाताची पह्यली. काहून?"

प्रत्येक डिस्क आपण कुठवर कामात होतो ते लिहून ठेवते. तपासलं तर डावी खरंच मागे पडलेली, बाकी तिघी जवळपास बरोबरीच्या. डावीला बाहेर ठेवलं. डबा नाही-नाही म्हणत असताना तिघींना जबरदस्तीने जोडलं, फक्त वाचायचं, लिहायचं नाही या अटीवर. फोल्डर दिसले. सगळं दुसरीकडे उतरवलं, मगच डावीला आत घेतलं.

"पुढच्या साली पूजा बंद," सासरे म्हणाले.

"बंद काहून? करायची. पण डब्याच्या बाहेरून."

मग लग्नाचा व्हिडिओ लावला. तो सासऱ्यांनीच काढलेला. पंगतीत बुंदीची परात घेऊन सासूबाई वाढत होत्या. त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल चांगला शब्द मी कधी ऐकला नव्हता, आणि मीही त्यांचं काही ऐकून घेतलं नव्हतं. पडद्यावर त्या वळल्या आणि सासऱ्यांवर खेकसल्या, "अवो, मले काय काढून राह्यले? तिकडे सून पाहा किती साजरी दिसून राह्यली, तिले काढा ना!"

मला रडू फुटलं. सासऱ्यांचं लक्षच नव्हतं, ते टक लावून पडद्याकडे बघत होते. तिथे सासूबाई ओरडत होत्या, आणि कॅमेरा काही त्यांच्यावरून हटत नव्हता.