अंगणापलीकडची वायर

"उंदीर असतील, भाऊ," असं म्हणून ती पदराला हात पुसायची आणि माझ्यासाठी शिडी भिंतीला लावायची.

बेल्हे आणि आसपासच्या गावांत मी इंटरनेटची कनेक्शनं जोडतो. ती आणे पठारावरच्या एका शेतकरी घरातली सून, माहेर मंचरकडचं. पुण्यातल्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ती घरी बसून ऐकायची. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप. पलीकडून कोणी शिव्या दिल्या तरी हिचा आवाज चढायचा नाही.

सासऱ्यांना ते पटेना. ओट्यावर बसून ते मलाच विचारायचे, "दिवसभर परक्या गड्यांशी काय बोलती ही? आमच्यात आसलं चालत न्हाई."

मग तिने अंगणापलीकडची अवजारांची खोली झाडून काढली, फवारणीचे पंप कोपऱ्यात सारले आणि मला बोलावलं. घरातल्या राउटरपासून त्या खोलीपर्यंत मी वायर ओढून दिली. "आलं भाऊ, आलं! लई भारी चालतंय!" ती दारातून ओरडली. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी तेव्हाच काय ते ऐकलं.

आठवड्यात वायर तुटली. जोडून दिली. पुन्हा तुटली. उंदराने कुरतडलेली वायर तुम्हीही पाहिली असेल, टोकाचा पार चोथा झालेला असतो. ही सरळ कापलेली होती, विळ्याने कापावी तशी.

"वहिनी, हे उंदराचं काम नाही."

"माहितीये मला. हळू बोला." तिने ओट्याकडे पाहिलं. "नाव घेतलं की भांडण होणार आणि भांडण झालं की काम बंद. उंदीर म्हटलं की तुमी येता, जोडून देता."

नवरा चाकणला कामाला, रविवारी घरी यायचा. तिने त्याला सांगून पाहिलं. "अण्णांचं वय झालंय, सांभाळून घे," एवढं म्हणून तो जेवायला बसला.

खोलीला वेगळं कनेक्शन घ्यावं म्हटलं, तर सासरे म्हणाले, "खोली माझ्या नावावर हाय." शेवटी तिने स्वतः टिकाव घेऊन अंगणात चर खणला आणि पाइपातून वायर पुरून घेतली.

पुढच्याच आठवड्यात तिचा फोन. गेलो, तर वायर शाबूत. घरात राउटरचा प्लग तेवढा काढून ठेवलेला. "बिल येतंय लाइटीचं," सासरे म्हणाले.

मी गाडीला किक मारत होतो तेव्हा ती जवळ आली. "बाहेरचं सगळं करून बघितलं, भाऊ. घरातलं कसं करू?"

तिचे कॉल अर्ध्यात तुटत राहिले. कंपनीने काही दिवस ऐकून घेतलं, मग काढून टाकलं.

परवा त्याच घरून बोलावणं आलं. सासऱ्यांनी मोठा टीव्ही आणला होता. त्यांना बैलगाडा शर्यती लाइव्ह बघायच्या होत्या. "मधीच अडकाय नाय पायजे बरं का, राव!"

ती चहा घेऊन आली. मी विचारलं, "वहिनी, दुसरीकडे कुठं अर्ज केलाय का?"

ती काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "आता कशाला? घरात रमलीय ती."

ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली. टीव्हीवर शर्यतीच्या घाटात बैल सुटले होते आणि चित्र एकदाही अडकलं नाही.