देव बसला होता आणि टेप संपत आली होती

रेगेसाहेबांनी पुढं वाकून किसनच्या गिटारच्या तारांवर सपकन हात ठेवला आणि म्हणाले, "बस, बस. मिळालं आपल्याला."

खळ्यात अख्खी वाडी बसली होती. ती एकदम गप्प झाली. मी कानाला हेडफोन लावून बसलेलो, मला ती शांतता जरा जास्तच ऐकू आली. काहीतरी भलतंच झालंय एवढं कळलं. काय झालंय ते कळेना.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी साउंड रेकॉर्डिस्ट, मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत नोकरीला, घर लोणावळ्यात. रेगेसाहेब आमचे प्रोड्युसर. म्हणजे कुठलं गाणं घ्यायचं, किती घ्यायचं आणि कुठं थांबायचं हे ठरवणारा माणूस. किसन हा कार्ल्याच्या वर डोंगरातल्या एका वाडीचा, रेल्वेत खलाशी, म्हणजे यार्डातला मजूर. त्याआधी काही वर्षं तो मुंबईत एका हॉटेलात कामाला होता. तिथल्या बँडमधल्या गोवेकर माणसानं त्याला गिटार शिकवली आणि परदेशी बोटींवरच्या खलाशांनी विकलेल्या रेकॉर्डी ऐकवल्या. एकटा माणूस, एक गिटार, पायाचा ठेका आणि खरखरीत गळा. त्याला ब्लूज म्हणतात. किसनला ते नाव ठाऊक नव्हतं. "आपल्या वाडीचं आबाच म्हनत्यात असं वाटलं," एवढंच तो म्हणायचा.

वाडीत देवाची गाणी डाकेवर म्हणतात. डाक म्हणजे मोठ्या डमरूसारखं वाद्य. एकजण गातो, मागं दोघं-तिघं झील धरतात, म्हणजे ओळीचा शेवट उचलून ओढतात. हे सगळं किसन एकट्यानं करायचा. करंगळीत पितळी नळी घालून ती तारांवर घासायची, पायात घुंगरू बांधून फळीवर ठेका द्यायचा आणि झीलही आपणच ओढायची. आवाज गुळगुळीत नव्हता, पण काय सांगू, अंगावर काटा यायचा! साठ-सत्तरच्या त्या काळात आमच्या कंपनीत लोकगीत आलं की त्यावर व्हायोलिनं ओतायची पद्धत होती. साहेबांच्या खनपटीला बसून मीच त्यांना इथवर आणलं होतं.

परवानगी सहज मिळाली नव्हती. देवाचं गाणं गिटारवर म्हणायला वाडीचा विरोध. सगळ्यात जास्त ठकूमावशीचा. ही किसनची सख्खी मावशी, तिनंच त्याला वाढवलेलं. शेवटी धोंडूआबांनी, म्हणजे डाकेवरच्या जुन्या गाणाऱ्यांनी, एक डाव बघू म्हणून होकार दिला. गाणं इथंच, सगळ्यांसमोर व्हायचं, ही अट. वावगं काही झालं तर किसनला पुन्हा देवापुढं बसता येणार नव्हतं.

सुरू करण्याआधी किसन म्हणाला होता, "सायेब, ह्ये गानं मधी थांबत न्हाई."

"अरे, आपण नंतर कापू की," साहेब म्हणाले. ते टेपबद्दल बोलत होते. रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं बसतात, तेवढं निवडून बाकीचं कापायचं. किसनला वाटलं, साहेबांना समजलं.

गाण्यात आधी देवाला बोलावून बसवायचं, मग घरोघरच्या पूर्वजांची नावं घ्यायची आणि शेवटी देवाला उठवून वाटेला लावायचं. साहेबांना हवा तेवढा तुकडा मिळाला तेव्हा त्यांनी हातानं खूण केली. किसनचे डोळे मिटलेले. स्टुडिओत अशा वेळी वाद्यावर हात ठेवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. साहेबांनी तेच केलं. कप्पाळ माझं!

साहेब उठायला लागले तसे आबा ओरडले, "उठू नका! कुनी बी उठू नका! सायेब, बसा खाली!"

साहेब दचकून होते तिथंच बसले.

"म्हनलं व्हतं मी," ठकूमावशी कडाडली. "त्या लाकडाच्या डब्यावर देव बसवू नगं म्हनलं व्हतं. आता बसलेल्या देवाला कोन उठवनार? तुजा सायेब?"

किसनचा चेहरा पांढरा पडला होता. "मावशे, म्या न्हाई थांबवलं गं," एवढंच तो पुटपुटला.

आबांनी हात वर केला. "कुनी उठलं न्हाई तवर तुटलं न्हाई. किसन, सोडलं तितनंच धर."

मी सुटकेचा श्वास टाकतोय तोच आबांचं बोट माझ्या मशिनकडं वळलं. "आन त्यात बी बसलाय न्हवं द्येव? त्यात बी उठला पायजे."

साहेब माझ्या कानाशी लागले. "सांग त्यांना, पुसून टाकतो म्हणून."

मी सांगितलं. ठकूमावशीनं माझ्याकडं असं बघितलं की बोललेलं गिळावंसं वाटलं. "बसलेला द्येव पुसतोस व्हय रं?"

मी स्पूलकडं पाहिलं. स्पूल म्हणजे टेप गुंडाळलेलं चाक. डावीकडचं रिकामं होत जातं, उजवीकडचं भरत जातं. साहेबांच्या 'बस'वर मी मशिन थांबवलं होतं, पण डावीकडं थोडीच टेप उरली होती आणि निम्म्या वाडीच्या पूर्वजांची नावं अजून बाकी होती. कोरे स्पूल खाली रस्त्यावर जीपमध्ये. आणायला उठायची सोय नाही. मी उठलो असतो तर किसनचं सगळं मुसळ केरात गेलं असतं.

आमच्या मशिनला दोन स्पीड होते. कमी स्पीडवर टेप दुप्पट वेळ पुरते, पण आवाजाचा कस उतरतो, तारांचा झणकार बोथट होतो. कंपनीला तो स्पीड चालत नसे. मी स्पीडचा खटका कमीवर ओढला.

"वेडा आहेस का?" साहेब कुजबुजले. "एका टेपवर दोन स्पीड? रिजेक्ट होईल!"

"होऊ दे, साहेब."

"नोकरी करायची आहे ना तुला?"

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. किसनला मान हलवून खूण केली.

पहिल्यांदा त्याची नळी तारेवरून घसरली. मागून कोणीतरी "आरं, म्हन की!" म्हणून ओरडलं. मग पायाचा ठेका सुरू झाला आणि सूर लागला. आवाज किती मोठा ते दाखवणारा काटा प्रत्येक ठेक्याला लाल भागात जात होता. मी लेव्हल खाली ओढायचो, किसन आणखी जोरात म्हणायचा. एकेका घराचं नाव येई, त्या घरची माणसं हात जोडत. डावीकडची टेप झरझर उतरत होती. जरा उरक, असं किसनला सांगावंसं वाटत होतं, पण सांगणार कसं? कोणाचा आजा वगळ म्हणू? साहेबसुद्धा आता घड्याळ सोडून स्पूलकडंच बघत होते. टेपच्या पातळ थराखालून डाव्या स्पूलचं प्लास्टिक दिसायला लागलं.

किसननं देवाला वाटेला लावायची उठवणी धरली. सगळ्या वाडीनं झील ओढली. शेवटची ओळ संपली, लोक उभे राहिले आणि त्याच दमात टेपचं टोक डावीकडून सुटून उजव्या स्पूलवर फटफट आपटायला लागलं.

आबा मशिनकडं वाकून बघत म्हणाले, "त्यातला बी उठला."

मी तिथंच मातीत आडवा झालो. साहेबांनी मला पाणी दिलं.

टेप अर्थातच रिजेक्ट झाली. दोन स्पीड, फळीचा दणका आणि मधोमध साहेबांच्या पंजाचा आवाज. किसनची आधी घेतलेली दोन साधी गाणी कंपनीनं व्हायोलिनं घालून काढली. ती रेकॉर्ड ऐकून किसननं मला विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?" माझी नोकरी वाचली, साहेबांनीच वाचवली.

पुढच्या वर्षी आबांच्या बोटांत डाक धरायचं बळ राहिलं नाही. देव कोण बसवणार यावर वाडीत बरीच बोलाचाली झाली म्हणे. शेवटी ठकूमावशीच यार्डात येऊन किसनपुढं उभी राहिली. म्हणाली, "तुजा डबा घिऊन ये. पर त्या सायबाला आनू नगंस."

त्यानंतर कलावंताला मी गाणं किती मिनिटांचं आहे हे कधी विचारलं नाही. ते संपवल्याशिवाय उठता येतं का, एवढंच विचारत आलो.