ठाकूरकाकांच्या बाल्कन्या

"हळू बोला, पलीकडे ती बसलीय."

"असू दे हो. ती कुणाशी बोलते?"

ती म्हणजे मी. बेलापूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसातली टायपिस्ट, नुकतंच लग्न झालेली. न बोलणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. त्या दिवशी साठला तो असा: चित्रं काढायला कॉम्प्युटर येतोय, दिवाळीनंतर ठाकूरकाकांची गरज नाही. फक्त त्यांना सांगायचं कुणी, ते ठरत नव्हतं.

काका आमचे चित्रकार. साइटवर नुसता चिखल असायचा तेव्हा ते उभी बिल्डिंग रंगवून द्यायचे. लोक ती बघून फ्लॅट बुक करायचे.

नेरुळच्या एका बिल्डिंगमागे त्यांनी भलामोठा गुलमोहर काढला.

"एवढा मोठा?" मी विचारलं.

"मागे हायटेन्शनचा टॉवर आहे. साहेब म्हणाले, झाका."

पुढे एक बाई ब्रोशर घेऊन आल्या. "झाड कुठंय?" साहेब केबिनमध्ये गेले. काका रविवारी रोप घेऊन नेरुळला गेले. ते आता कमरेएवढं झालंय. टॉवर दिसतोच.

बाल्कन्यांत ते ऑफिसातलीच माणसं उभी करायचे. ड्राफ्ट्समन शिर्के पेपर वाचताना, साहेब कुंडीला पाणी घालताना. मला त्यांनी वाशीत, सानपाड्यात, खारघरला बाल्कनी दिली. आम्ही राहतो कोपरखैरण्याला, सासू-सासरे आणि दीर धरून एका खोलीत.

नवरा ब्रोशर बघून म्हणाला, "यात मी कुठाय?"

काकांना सांगितलं, तर पुढच्या चित्रात बाल्कनी रिकामी, दार बंद. "दोघं आत आहेत," काका म्हणाले.

साहेबांनी शेवटी शिर्केंना सांगायला पाठवलं. शिर्के काकांपाशी बराच वेळ बसले आणि मुलीच्या शाळेसाठी मोर काढून घेऊन परत आले.

मग कॉम्प्युटरचं पहिलं चित्र आलं. बिल्डर पाटीलशेठ, मूळचे इथल्याच गावचे, ते न्याहाळत बसले.

"बिल्डिंग बरी हाय. पन मानूस कोन नाय. मसनवट हाय का?"

साहेब काकांकडे वळले. "काका, तेवढी माणसं टाकता?"

काकांनी दिवसभर बसून टाकली. साहेब, कुंडी, शिर्के, पेपर, सगळे. शेठ संध्याकाळी परत आले आणि खूष होऊन गेले. काका ब्रश धुवायला बेसिनपाशी गेले.

"आता कुठल्या तोंडानं सांगायचं?" साहेब कुजबुजले.

"दिवाळी होऊ दे," शिर्के म्हणाले.

मी टाइपरायटरवर कव्हर घातलं.

"साहेब, काकांना मी काल सांगितलंय. ही माणसं त्यांनी आज काढलीत."