ट्रकाचा कोठा

आमच्या घरी पहिला ट्रक आला तो मामाजींच्या बैलजोडीच्या बदल्यात, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं येडेपणाचं वाटेल. मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर परसवाड्याकडून बैलगाडीनं धान वाहिलेला माणूस. मुलानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, हट्ट धरला, बैल विकायला लावले आणि लाकडी फळ्यांचं ते जुनं धूड बालाघाटच्या आमच्या अंगणात आणून उभं केलं. त्या दिवसापासून मामाजींनी अंगणाकडे पाठ फिरवली. मागच्या ओसरीत बसून राहत. बोलणं नाही, अर्धा भात ताटात टाकून उठायचे. मला धास्ती वाटायची, हा माणूस असाच बसल्या बसल्या संपून जाईल.

पावसाळ्यात जंगलाचे रस्ते बंद, म्हणून ट्रक अंगणातच भिजत उभा. फळ्यांवर पांढरी बुरशी, टप गळून सीट ओली, दरवाज्याच्या कडा गंजलेल्या. ह्यांनी वरून तिरपाल टाकलं होतं, ते जरा वारा आला की उडायचं. एकदा ते नालीतून ओढून आणता आणता माझं डोकंच फिरलं. हे पानठेल्यावर, सासरे ओसरीत, आणि चिखलात मी! तशीच ओसरीच्या दारात जाऊन ओरडले, "मामाजी, तुमच्या बैलाइचा पैसा सडून राह्यला तिकडे! तुमाले काहीच वाटत नाही काय?"

सासऱ्यांपुढे एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता. पण मामाजी उठले. ट्रकाभोवती एक फेरी मारली, फळीला नख लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू आणि धानाचं तणस घेऊन आले.

अंगणात कोठा उभा राहू लागला. कोठा म्हणजे गुरांचा गोठा. त्यांना दुसरं काही बांधताच येत नव्हतं. बांबूचे खांब, वर तणसाचा जाड थर, चाकांखाली पाणी साचू नये म्हणून मुरूम, आणि झड आत येऊ नये म्हणून छपराचा पुढचा पाखा चांगला खाली उतरवलेला. फळ्या वाळल्यावर त्यांना जवसाचं तेल चोळायचं काम माझ्या गळ्यात. शेजारच्या किराणावाल्यानं कुंपणावरून विचारलं, "क्या दादाजी, गाड़ी को चारा भी डालोगे?"

"तू भी आ जा, दोनों को साथ में डालता हूँ!" मामाजी म्हणाले.

चुलीपुढे बसल्या बसल्या मला इतकं हसू आलं! मामाजी थट्टा करत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वारासिवनीच्या राइस मिलमधून निरोप आला, उद्या सकाळी माल गोंदियाला न्यायचा. ह्यांनी ट्रक चालू केला, पुढे घेतला, आणि टप पाख्यात जाऊन अडकला. अहो, अडकणारच! ट्रक आत उभा ठेवून त्याच्याभोवती कोठा बांधलेला. बैल मान खाली घालून बाहेर येतो, ट्रक कसा येईल? हे आमच्या घरात कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मोहल्ला पोट धरधरून हसला. हे कोयता घेऊन पाखा कापायला निघाले, तर मामाजी आडवे.

"परवा मीच कापून देतो. उद्या नाही."

"काहून, बाबा? मिलवाला थांबन काय?"

"थांबन. उद्या पोळा आहे. पोळ्याले कोणी कामाले जुपते काय?"

 ह्यांनी कोयता खाली ठेवला.

संध्याकाळी खांदशेकणीची वेळ झाली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. मामाजींनी माझ्याकडून वाटीभर कोमट तूप मागून घेतलं आणि पळसाची पानं घेऊन कोठ्यात शिरले. मी मागोमाग, तोंडाला पदर लावून. त्यांनी ट्रकाच्या पुढच्या मडगार्डांना, आधी उजव्या, मग डाव्या, सावकाश तूप चोळलं. मग हात जोडून, दरवर्षी बैलांना म्हणायचे तसंच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

हसायला म्हणून आले होते मी, आणि डोळ्यांना धार लागली.

मामाजींनी रिकामी वाटी माझ्या हातात दिली.

"सूनबाई, उद्या पुरण जास्त टाक," म्हणाले. "आमी दोघं जेवू."