गळतं तेवढंच

लालचंद आणि बसंतीबाईंचा मुलगा नवलकिशोर तापाने गेला, त्यानंतर वर्ष पुरं होईपर्यंत घरात नवं काही करायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लालचंदांनी जालन्यातल्या बियाण्यांच्या दुकानाची पाटीसुद्धा रंगवली नाही. बिलांच्या कॉम्प्युटरमध्ये तर ते कुणाला काही बदलू देत नसत. त्यातला प्रोग्राम नवलने आईसाठी स्वतः लिहिला होता. नवल आईला बाई म्हणायचा; सकाळी सुरू केला की प्रोग्रामही आधी विचारायचा, "बाई, चहा झाला का?" 'हो' दाबलं की बिल उघडायचं. चहा झालेला असो वा नसो, बसंतीबाई 'हो' दाबून कामाला लागत. नवल असतानाही तसंच, आताही तसंच.

पण समोरच्या दुकानातला कॉम्प्युटर इंटरनेटवरून आलेल्या व्हायरसने सारखा बंद पडू लागला. लालचंदांच्या बियाणे कंपनीला द्यायच्या ऑर्डरीही इंटरनेटवरूनच जायच्या. कॉम्प्युटरची दुरुस्ती करणारी केदारखेड्याची शिवकन्या म्हणाली, "काका, अपडेट टाकावे लागतेन."

"वर्ष व्हायचंय अजून."

"मागं पत्रा गळत होता, त्याला डांबर लावलंच ना तुम्ही?"

"गळतं ते बंद करावंच लागतं, बेटा. तुमच्या गावात काय पातेलं ठेवून बसतात?"

"मंग मी बी तेवढंच करून राह्यले. नवं बिलकुल काही न्हाई. चोर शिरायच्या फटी बुजवायच्या, बस."

"आणि नवलचं?" बसंतीबाईंनी विचारलं.

"त्याला हात लावणार न्हाई, काकू. सीडीवर उतरवून बी ठेवलंय. पण नंतर ते चालंलच, अशी शपथ घेत न्हाई."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"आज न् उद्या समोरच्यासारखं होईल."

बसंतीबाईंनी पदर सारखा केला. "कर."

अपडेटची यादी लांबलचक होती. शिवकन्याने एकेका नव्या गोष्टीपुढची खूण काढली, सुरक्षेच्या अपडेटपुढची तेवढी ठेवली. फोनच्या लाइनवरून ते उतरता उतरता दुपार झाली. मग कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडदा बराच वेळ काळा राहिला. लालचंद उगीच पोती मोजू लागले.

"बाई, चहा झाला का?"

सकाळपासून बसंतीबाईंच्या पोटात काही नव्हतं. बोट सवयीने 'हो'कडे गेलं आणि तिथंच थबकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी 'नाही' दाबलं.

पडद्यावर उमटलं, "मग आधी चहा घे. गिऱ्हाईक थांबेल."

पिंपळगाव रेणुकाईचा एक शेतकरी काउंटरपाशी ताटकळत उभा होता. बसंतीबाईंनी त्याच्यापुढे स्टूल सरकवलं. "बसा," त्या म्हणाल्या, आणि मग लालचंदांना, "चार चहा सांगता का?"