सात नंबरची पिवळी चिठ्ठी

कॉम्प्युटरवरची चिठ्ठी मिटवली का ती कुठं जाते, हे मी आजही कोणाले विचारलं नाई. विचारलं तं लोक म्हणतील, काऊन, का मिटवलं तू? मंग सगळंच सांगा लागन. आता सांगूनच टाकते.

तवा माही पोरगी पाच महिन्याची होती. मी नववी नापास. तिरोड्यात एका बायांच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात नंबर लावाच्या कामाले लागली होती, महिनाही पुरा झाला नव्हता. टेबलावर मोठा कॉम्प्युटर. मॅडमनं पहिल्या दिवशीच दाखवलं, हे दाबलं का पिवळी चिठ्ठी निघते. तिच्यावर बाईचा नंबर, नाव, घरवाल्याचं नाव, फोन लिहाचा. बाई तपासून गेली का चिठ्ठीच्या कोपऱ्यातली फुली दाबाची, चिठ्ठी गायब. "कागद हरवतात, हे नाई हरवत," मॅडम म्हणे. रजिस्टरात खाली नुसता नंबर आन् गाव लिहत होतो. केसपेपर बाई आपल्या पिशवीत घरी ने. म्हणजे नाव म्हणा, फोन म्हणा, जे काही होतं ते त्या पिवळ्या चिठ्ठीवरच.

मले इंग्रजी अक्षरं एकएक ओळखू येत. तं मराठी नावच इंग्रजी अक्षरात लिहो, एका बोटानं. वाटे, काही उलटं दाबलं आन् कॉम्प्युटर बिघडला तं मॅडम हाकलून देतील.

फुली दाबली का पहिले एक डब्बा उघडे. त्यात इंग्रजीत काहीतरी विचारे, खाली येस आन् नो. येस म्हणजे हो, एवढं ठाऊक होतं. त्या डब्यात एक बारीक चौकोन होता, एक दिवस चुकून त्यात टिक झाली. तवापासून डब्बा येनंच बंद झाला. फुली दाबली का चिठ्ठी सीधी गायब. मले बरंच वाटलं. म्हटलं, आता त्याचा माह्यावर भरोसा बसला.

त्या दिवशी सात नंबरले एक बोदलकशाची बाई आली. आठवा महिना, पायावर सूज, चप्पल पायात जात नव्हती. डोकं दुखते म्हणे. घरवाला तिले बाकावर बसवून बाजारात गेला होता.

"घरवाल्याचं नाव सांगा," मी म्हटलं.

ती खाली पाहून हासली. "तुमीच लिवा ना जी."

"मले थोडी ठाऊक हाय."

मंग तिनं पिशवीतून वोटर कार्ड काढलं आन् माह्यापुढं सरकवलं. मी वाचलं आन् मलेच हासू आलं. माह्या घरवाल्याचं नाव तेच.

"काऊन हासता जी?"

"आमच्याही घरी हेच हायेत."

"मंग तुमीही नाई घेत?"

"तोंडानं नाई. बोटानं चालते."

बाकावरची एक म्हातारी म्हणे, "म्हणजे दोघीचा मालक एकच का वं?" सगळ्या बाया खो खो हासल्या. ती सात नंबरची पण हासली, मंग एकदम कपाळ दाबून बसली.

आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्याबाईनं, म्हणजे माह्या सासूनं, मले चुलीपाशी बसवून सांगतलं होतं. तवापासून एकदाही नाई घेतलं. टाईप करतानाही मी ओठ घट्ट मिटून होती. त्या कार्डावर तिचंही नाव होतं, ते मी लिहलंही, पण डोक्यात राहिलं नाई. राहिलं ते एकच नाव.

मॅडमनं तिले तपासलं. बीपी वाढलं होतं. रक्त आन् लघवी लॅबले पाठवली. नमुन्यावर नुसता सातचा आकडा. मॅडम मले बाजूले घेऊन म्हणाल्या, "हिचा रिपोर्ट आला का मले सांग. खराब आला तं हिले गावाले जाऊ देऊ नको. वाटेत झटके येतील, आई आन् लेकरू दोघंही जातील. समजलं?"

समजलं म्हटलं. मंग मॅडम वर गेल्या, एका बाईचं ऑपरेशन होतं.

घंटाभर झाला. तिचा घरवाला आला, काळासावळा, हातात खताच्या थैलीचा झोला. "किती वेळ लागन? दीडची बस हाय आमची."

"रिपोर्ट येऊ द्या ना भाऊ."

"फोन लिवला ना तुमी? फोन करा. इथंच बाजारात आहो. बस निघाच्या आधी सांगा."

त्याचा फोन नंबर चिठ्ठीवर होता. मी जाऊ दिलं. ती उठताना भिंतीले धरून उठली, ते मी पाहिलं. तरी जाऊ दिलं.

सव्वा वाजता आत्याबाई आल्या. आमचं घर टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीत, चालत दहा मिनिटं. पोरगीले दूध पाजाले त्या रोज दुपारी दवाखान्यात घेऊन येत. पोरगी रडून रडून लाल झाली होती. "अवं घे वं लवकर, किती वेळची रडून राहिली!" तिचं रडनं आयकून माह्या पोलक्याले ओल आली. एका हातानं तिले घेऊ पाहत होती, दुसऱ्या हातानं टेबल आवरत होती. सहा नंबरची बाई औषध घेऊन गेली होती. तिची चिठ्ठी मिटवाची म्हणून फुली दाबली.

तेवढ्यात लॅबचा फोन. "सात नंबर. लघवीत प्रोटीन खूप हाय, रक्तातल्या पेशी बी कमी. मॅडमले लगेच सांगा."

मी वर धावली. नर्सनं दार थोडंसं उघडलं, आत विचारून आली. "मॅडम म्हणतात तिले आत्ताच बोलाव. फोन लाव."

खाली आली. कॉम्प्युटरवर पाहिलं. सहा नंबरची चिठ्ठी तिथंच होती. सात नंबरची नव्हती.

मले आधी समजलंच नाई. एकीमागं एक चिठ्ठी सरकवून पाहिली. पाच, सहा, आठ. कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं, ते उघडलं. रिकामं. रजिस्टर पाहिलं. सात, बोदलकसा. बस, एवढंच.

"का झालं वं?" आत्याबाई म्हणाल्या.

"तिचा फोन गेला आत्याबाई. म्या मिटवला."

"कोणाचा फोन?"

"त्या सात नंबरच्या बाईचा. बसमधी बसली तं मरन ती!"

भिंतीवरच्या घड्याळात दीडले सात मिनिटं कमी. मी पोरगी त्यांच्या हाती परत दिली आन् धावली. पदर कुठं, चप्पल कुठं. मागून आत्याबाई वरडत होत्या, "अवं पागल झाली का! लेकरू उपाशी हाय!"

बाजारात भाजीवाल्या रांगेतून गेली. एकीले विचारलं, पोटुशी बाई पाहिली का, पाय सुजलेली. "बसकडं गेली वाटते," ती म्हणे. स्टँडच्या फाटकापाशी पोहोचली तं बोदलकशाची बस मागं सरकून वळून राहिली होती. खचाखच भरलेली. आतले चेहरे दिसत नव्हते, खिडकीत नुसते हात आन् झोले.

"थांबवा! थांबवा!"

स्टँडवर रोज कोणी ना कोणी थांबवा म्हणत धावते. कंडक्टरनं पाहिलंही नाई.

"ओ बोदलकशाचे! ओ भाऊ!" सगळी बसच बोदलकशाची. कोण पाहीन?

आता एकच गोष्ट होती माह्यापाशी. ते नाव. तोंड उघडलं, आवाज आलाच नाई. पानठेल्यावर आमच्या टोलीवरचे दोन बुढे उभे होते, मले पाहत होते. बस फाटकाकडं निघाली. ती भिंतीले धरून उठलेली बाई मले दिसली, आन् मी डोळे मिटले आन् घेतलं. नाव घेतलं. बापाच्या नावासकट, जसं कार्डावर होतं तसं. जोरात. दोनदा.

बस थांबली नाई. इंजिनाच्या आवाजात माहा आवाज बुडाला.

मंग माह्या मागून तेच नाव आलं. बांधावरून पोराले हाक मारावी तशी, पार दुकानाच्या टिनावर आदळन अशी. आत्याबाई. कमरेवर पोरगी रडत होती आन् त्या वरडत होत्या, "अरे उतर ना रे बैला! बायकोले मारतं का!"

मागच्या खिडकीतून एक मुंडकं बाहेर आलं.

बस थांबवून त्याले खाली उतरवलं. तो चिडला होता. "फोन कराचा होता ना! बस गेली आमची!" पण ती उतरली तवा तिले समोरचं नीट दिसत नव्हतं. डोळ्यापुढं काजवे येतात म्हणे. मंग तोच रिक्षा आनाले धावला. रिक्षात टाकून दवाखान्यात आनलं. मॅडम हातमोजे काढत खाली आल्या, बीपी पाहिलं, इंजेक्शन दिलं आन् आपल्याच गाडीत नर्ससंगं तिले गोंदियाले पाठवलं.

गाडी गेली. मॅडम माह्याकडं वळल्या. "फोन लगेच लागला का?"

मी हो म्हणनार होती. खोटं नाई सांगत, म्हणनारच होती. जीभ वळली होती. तेवढ्यात बाकावरून आत्याबाई बोलल्या, "फोन कायचा जी. हिनं चिठ्ठी मिटवली. स्टँडवर वरडत गेली बिनचपलेची."

मले वाटलं, गेलं काम. मॅडमनं टेबलावरचं रजिस्टर उघडून पाहिलं. मंग म्हणाल्या, "उद्यापासून रजिस्टरात नाव आन् फोन बी लिहाचा. पेनानं. चिठ्ठीही लिहाची." आन् म्हणाल्या, "जा, लेकराले पाज पहिले."

आतल्या खोलीत बसली तं पोरगी दूध पीत होती आन् माह्या तळपायातून रक्त येत होतं, ते तवा दिसलं.

दुसऱ्या दिवशी नर्सनं सांगतलं, गोंदियाले ऑपरेशन झालं, पोरगी झाली, एवढीशी हाय, काचेत ठेवली. आई बरी हाय.

पण माहं भेव गेलं नाई. त्याच हप्त्यात घरवाल्याले ताप आला. साधाच ताप, पण मी दर घंट्याले कपाळ पाहो. तो म्हणे, "का झालं तुले? मी मरून राहिलो का?" मले रडूच आलं. चुलीपाशी आत्याबाई पेज ढवळत होत्या. मी त्यांच्या पायाशी बसली. म्हटलं, "म्या नाव घेतलं ना. दोनदा. म्हणून झालं."

त्यांनी पेजेत मीठ टाकलं. मंग म्हणाल्या, "तू आपल्याले हाक मारली का?"

"नाई."

"कोणाले मारली?"

"बोदलकशाच्याले."

"मंग त्याले येईन ताप. माह्या पोराले कायले येईन?" आन् पेजेचा गंज चुलीवरून उतरवत म्हणाल्या, "जा, नेऊन दे. गरम हाय, सांभाळ."