नानांचं इंजिन, वहिनीची गाडी

"इंजिन निंघी गयं म्हंजे मंग तिनं त्यामा काय राहीनं?"

नाना गाडीच्या मिस्त्रीला विचारत होते. इंजिन निघून गेलं म्हणजे मग तिचं त्यात काय उरलं? मी चहाचे पेले घेऊन ओट्यावर आले होते आणि नानांची पाठ माझ्याकडे होती. मिस्त्रीने मला पाहिलं. गाडीच्या उघड्या तोंडात कमरेपर्यंत वाकून तो पुन्हा पाना फिरवू लागला. नाना वळले, पेला घेतला आणि साखर कमी असल्याचं बोलले.

'ती' म्हणजे माझी वहिनी. ती माजघरात होती, आणि माजघराचं दार ओट्यावरच उघडत असे. तिने ऐकलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती.

माझा थोरला भाऊ त्या पौषात मधुऱ्याच्या तापाने गेला. त्यांना मूल नव्हतं. मागे राहिली ती वहिनी आणि अंगणातली गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीने लिलावात काढलेल्या गाड्या खानदेशात बऱ्याच आल्या, त्यांतलीच ही एक पिकअप: पुढे दोघांपुरती बैठक, मागे लाकडी फळ्यांचा उघडा हौदा. ती घेताना वहिनीच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या तिने आपण होऊन काढून दिल्या. गाडी दारात आली त्या दिवशी भाऊ सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला होता, "गाडी हिची शे. मी फक्त हाकणारा." लोक हसले. बायकोच्या गाडीवर नोकरी धरली म्हणून त्याला पुढे कितीतरी दिवस चिडवत. तो धरणगावच्या जिनात कापूस पोचवायचा, उन्हाळ्यात सावद्याकडची केळी स्टेशनवर टाकायचा. तो गेल्यावर गाडी चिंचेखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्या हौद्यात बसू लागल्या.

गाडीचं इंजिन पेट्रोलचं होतं आणि फार पीत होतं. भाऊ असतानाच डिझेल बसवायचं बोलणं निघत असे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाने, ते मनावर घेतलं. आपली निमाडी बैलजोडी त्यांनी विकली आणि धुळ्याजवळ उलटलेल्या एका लॉरीचं डिझेल इंजिन आणलं. ते भाड्याच्या बैलगाडीवरून आलं. बैल गेले त्या दिवशी नाना जेवले नाहीत, हेही मी पाहिलं आहे. ते वाईट नव्हते. आबांना, माझ्या वडिलांना, दम्याने शेतात उभं राहवत नव्हतं. दोन्ही घरांचं नांगरणं-पेरणं नाना पाहत, आणि गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं हे कुणालाही पटलं असतं. वहिनीला तर सगळ्यांआधी पटलं होतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी लहानपणापासून नाशिकला मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजीत शिकले. परीक्षा संपवून घरी आले ती भावाच्या जाण्यानंतर. घरची अहिराणी मला सगळी कळे, पण बोलायला गेले की आधी मनात जुळवावी लागे, तोवर बोलणं पुढे गेलेलं असे. म्हणून मी बोलत नसे; वहिनी तेवढी माझ्याशी साध्या मराठीत बोले. लोकांना तो गर्व वाटायचा. नाना मला मडम म्हणत.

"काय मडम, तुमना इंग्रजीमा इंजिनले काय म्हंतस?" त्यांनी एकदा मिस्त्रीसमोर विचारलं.

"इंजिनच," मी म्हणाले.

"ल्या. मंग इतलं शिकीसन काय फायदा?"

मिस्त्री हसला, ओट्यावर बसलेले आबाही हसले, आणि मीही हसले असेन.

तीन जाड लाकडी बल्ल्या वरच्या टोकाशी एकत्र बांधून अंगणात तिकाटणं उभं केलं होतं, त्याला साखळीची कप्पी. जुनं इंजिन ज्या दिवशी उचललं त्या दिवशी शेजारपाजारचे पुरुष जमले. आधी रेडिएटरचं पाणी सोडलं, ते गंजाने लाल झालं होतं आणि अंगणभर पसरलं. मग नळ्या, तारा, शेवटी गिअरबॉक्सला धरून ठेवणारे बोल्ट. साखळी ताणली गेली तसं गाडीचं तोंड हळूहळू वर उठलं, स्प्रिंगचे पाटे कुरकुरले आणि इंजिन सुटून हवेत लोंबकळू लागलं. ते मला वाटलं होतं त्याहून लहान होतं. चिंचेखाली नेऊन ते ठेवलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. गोणपाट टाकायची गरज नव्हती, पाऊस लांब होता. पण उघडं ठेवायला कुणी तयार नव्हतं.

मी आत गेले तेव्हा वहिनी दाराच्या मागे, भिंतीला पाठ लावून, डाळ निवडत होती. वर्ष पुरं होईपर्यंत तिने ओट्यावर यायचं नव्हतं. आमच्याकडे तशीच रीत होती, आणि आई ती पाळून घेत असे, रागाने नव्हे, जेवणाची वेळ पाळावी तशी.

"काढलं?" तिने विचारलं.

"काढलं."

"सीट तीच ठेवणारेत ना?"

"तीच आहे अजून."

ती पुन्हा डाळ निवडू लागली. मग रोजचं तसंच झालं. दिवसभर मी अंगणात चहा-पाणी नेई, आणि दुपार कलली की ती मला विचारी: आज काय काढलं, काय ठेवलं. मी सांगायची. चाकं तीच. हौदा तोच, एक फळी बदलली. पुढची काच तीच. कधी ती नुसतं "बरं" म्हणे. एकदा म्हणाली, "काचेला उजवीकडे खालच्या कोपऱ्यात चीर आहे. चोपड्याच्या रस्त्याला खडा उडाला होता. मी शेजारी बसलेले." मी बाहेर जाऊन पाहिलं. चीर होती.

नवं इंजिन जुन्यापेक्षा जड आणि लांब. ते मूळच्या जागी बसेना. गावच्या लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडून घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडं जुळेनात, म्हणून मध्ये बसवायला मिस्त्रीने धुळ्याहून लेथवर एक जाड लोखंडी तबक कातून आणलं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, त्यासाठी समोरची जाळी कापली. पुढचा भाग वजनाने दबला, तेव्हा पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला. एवढं करूनही बॉनेट लागेना.

"सर बडा, टोपी छोटी," मिस्त्री म्हणाला.

"तुन्हं उलटं शे," नाना म्हणाले. मिस्त्रीची टोपी कानांवर यायची. सगळे खूप हसले. बॉनेट शेवटी तारेने बांधलं.

मी संध्याकाळी वहिनीला टोपीचं सांगितलं तेव्हा ती थोडी हसली. मग जाळी कापल्याचं सांगितलं.

"म्हणजे तोंडच वेगळं झालं," ती म्हणाली.

दाराला भावाने स्वतः निळा रंग दिला होता. नानांनी त्यावर हिरवा दिला. त्यांना हिरवा आवडायचा, दुसरं काही कारण नव्हतं. पण ते ब्रश मारत असताना एका भाऊबंदाने सहज विचारलं, "नाना, गाडी लीधी का?" घेतली का. आणि नाना सहजच म्हणाले, "ली नं. बैल काय उगाच दिन्हात?"

आबा तिथेच बाजेवर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत होते.

त्या रात्री मी त्यांच्या औषधाचा काढा घेऊन गेले आणि सांगायचं ते मनात नीट लावून घेतलं होतं. तरी तोंडातून एवढंच आलं: "आबा, गाडी वहिनीची ना?"

त्यांनी काढा पिऊन वाटी खाली ठेवली. "कापूस निंघाना आंगे गाडी चालू व्हयनी पाहिजे," ते म्हणाले. कापूस निघायच्या आत. मग पांघरूण ओढून घेत, "देखू."

त्यांना नानांवाचून चालणार नव्हतं. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही. त्या सुमारास बायकांच्या हिश्श्याबद्दल वर्तमानपत्रात सारखं काही ना काही येत असे. मी ते वाचत असे. आमच्या अंगणात त्याचं कुणाला काही नव्हतं.

मी वहिनीला नाना काय म्हणाले ते सांगितलं नाही. तिने ऐकलंच होतं. "पाटल्या परत द्या म्हणत नाहीये मी," ती मला म्हणाली. आम्ही दोघी भाकरी करत होतो, ती थापत होती आणि मी भाजत होते. "ते गाडी चालवू देत. कापूस नेऊ देत. माझी आहे एवढं म्हणू देत. उद्या मला इथून जा म्हणाले तर मला काहीतरी म्हणता आलं पाहिजे ना, का मी इथे राहते." तिने हे रडून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी भाकरी उलटली. ती करपली होती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी इंजिन चालू करायचं ठरलं. मुहूर्त चांगला होता. दुसऱ्या घरांत माहेरवाशिणी आल्या होत्या, झाडांना झोके बांधले होते, गाण्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. आमच्या घरात आखाजी वेगळी होती. भाऊ त्याच वर्षी गेलेला, त्याच्या नावाची पहिली घागर भरायची होती. आई आणि वहिनी आत घागर मांडत होत्या: पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्या तोंडावर छोटं मडकं, खरबूज, आंबे, सांजोऱ्या. आणि बाहेर गाडीला हळदकुंकू लावून पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली होती. एकाच दारातून मी दोन्हीकडे सामान पोचवत होते.

पुढचं आताच सांगून टाकते. दोन वर्षांनी वहिनी अमळनेरला तिच्या भावाकडे राहायला गेली आणि परत आली नाही. गाडी पुढे बरीच वर्षं नानांच्या दारात उभी असायची. त्यामुळे त्या सकाळी जे झालं त्याने काही बदललं असं मला म्हणता येत नाही.

डिझेलच्या इंजिनात नळ्यांमध्ये हवा राहिली तर ते चालू होत नाही, ती आधी काढावी लागते. मिस्त्री एका हाताने छोटा पंप दाबत होता आणि दुसऱ्या हाताने एक नट सैल करून धरला होता. नटाच्या कडेने फेस येत होता, त्याच्या बोटांवरून ओघळत होता. अंगण माणसांनी भरलं होतं. फेस कमी होत होत नुसतं डिझेल येऊ लागलं, तसा त्याने नट आवळला आणि हात चिंध्यांना पुसले.

"झालं. आता मालकाला बसू द्या," तो म्हणाला.

"तूच मार ना सेल्फ," कुणीतरी म्हणालं. "बिघडनं तर तुन्हा डोक्यावर."

लोक हसले. मिस्त्री हसला नाही. "नाही भाई. पहिला सेल्फ मालकाचा. माझा उस्ताद कधी मारायचा नाही, मी पण नाही मारत. नंतर दिवसभर मी बसतो. पहिला मालकाचा हात." त्याने चालकाच्या बाजूचं हिरवं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला. "मालक कोण आहे, या."

त्याला खरंच माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशीचा नानांचा प्रश्न त्यानेच ऐकला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो दार धरून उभा होता, एवढंच.

आबा बाजेवरून उठले, आणि पुन्हा बसले. नानांनी पागोटं सारखं केलं.

"सरका," ते म्हणाले, "मी बसस."

माणसांनी वाट दिली. नानांनी हाताने दाराची चौकट धरली, एक पाय पायरीवर ठेवला. मी ओट्यावर होते, माझ्या हातात आखाजीच्या सांजोऱ्यांचं ताट. माझ्या मागे माजघराचं दार अर्धं उघडं होतं आणि त्या फटीत वहिनीच्या लुगड्याचा काठ दिसत होता. ती घागरीपासून उठून दाराशी आली होती. ती बाहेर येणार नव्हती. तिला येता येत नव्हतं, आणि कुणी ये म्हणत नव्हतं.

मी ताट ओट्यावर ठेवलं. अहिराणीत काय म्हणायचं ते मनात जुळवायला थांबले नाही. अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"नाना, खाली उतरा. मालकीण आत आहे. वहिनी, बाहेर ये, तुझी गाडी चालू करायची आहे."